तबकडी आणि खिडकी

परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. शाळेत असताना तो गणितात हमखास नापास होत असे आणि मधल्या सुट्टीत बाकावर बोटांनी ठेका धरीत असे. आता तो पुण्यास बऱ्या नोकरीत आहे. लग्न झाले आहे, घर झाले आहे. आणि घर झाल्यावर माणसाला जे सुचते तेच त्याला सुचले आहे. काहीतरी जमवावे! त्याने लिहिले होते, "सर, तुम्हांला जॅझचा नाद आहे हे आम्हां मुलांना तेव्हाच ठाऊक होतं. मी नुकताच एक चांगला रेकॉर्ड प्लेअर घेतला आहे. दिवाळीच्या बोनसातून दहा तबकड्या घ्याव्यात म्हणतो. ज्यांच्यावाचून संग्रहाला संग्रह म्हणताच येणार नाही, अशा दहांची यादी पाठवा."

मास्तर माणसाला यादी करायला सांगणे म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणे होय. मी लगेच कागद ओढला. पहिली पाच नावे पाच मिनिटांत लिहून झाली. मग त्याच्या पत्रातल्या 'ज्यांच्यावाचून' या शब्दाशी माझी नजर अडखळली आणि लेखणी थांबली. माणसाचे कशाकशावाचून अडते? पाण्यावाचून अडते, भाकरीवाचून अडते, आजारपणात शेजाऱ्यावाचून अडते. तबकडीवाचून आजवर कोणाचे अडले आहे? आणि तरीही माझ्या कपाटात शंभरावर तबकड्या आहेत. त्यांतली एखादी कोणी चार दिवसांसाठी मागितली, तर माझ्या पोटात गोळा उठतो. याला प्रेम म्हणावे की लोभ? हा प्रश्न मी वीस वर्षे टाळीत आलो आहे. यादीच्या निमित्ताने तो आज दारात येऊन उभा राहिला आहे. सणासुदीला दारात आलेल्याला परत पाठवू नये म्हणतात.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि संगीताचे तर तेवढेही नाही. तेव्हा जॅझ म्हणजे काय, हे मला जसे कळले तसेच सांगतो. आपला ख्यालगायक दोन ओळींची चीज घेतो आणि पुढे अर्धापाऊण तास त्या चिजेच्या आधाराने जे गातो ते त्या घटकेला त्याला सुचत जाते. जॅझमध्ये असेच घडते. धून लहानशी, ठरलेली. तिच्या पाठीवर बसून एकेक वादक आपापल्या मनाचे बोलून जातो. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. ज्यांचे आईबाप आणि आजे गुलाम म्हणून विकले गेले होते, मुख्यतः अशा लोकांनी न्यू ऑर्लीन्स शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे संगीत घडवायला सुरुवात केली. ज्यांच्या मालकीचे स्वतःचे शरीरही नव्हते, त्यांच्या वंशजांनी निर्माण केलेली ही वस्तू आहे. तिच्यावर आपण 'माझी' म्हणून शिक्का मारतो तेव्हा थोडे अवघडल्यासारखे वाटले पाहिजे.

या शहरात बडी बोल्डन नावाचा एक कॉर्नेट वाजवणारा होऊन गेला. जॅझचा आद्य पुरुष म्हणून त्याचे नाव घेतात. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले आणि १९३१ साली तेथेच त्याचा अंत झाला. जॅझची पहिली म्हणून ओळखली जाणारी तबकडी निघाली १९१७ साली, आणि तीही गोऱ्या वादकांच्या ताफ्याची. बोल्डनचा एकही स्वर आज कोणापाशी नाही. म्हणजे या संगीताचा संग्रह करू पाहणाऱ्याच्या कपाटात पहिला कप्पा रिकामाच राहणार! कितीही पैसे मोजा, तो भरत नाही. मला वाटते, संग्राहकाला देवाने शिकवलेला हा पहिला धडा आहे. मी मात्र तो फार उशिरा शिकलो.

माझ्या यादीत पहिले नाव लुई आर्मस्ट्राँगचे आहे. १९२५ ते १९२८ या काळात त्याने आपले 'हॉट फाइव्ह' आणि 'हॉट सेव्हन' हे ताफे घेऊन ज्या तबकड्या भरल्या, त्या आज लाँगप्लेवर एकत्र मिळतात. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. लाँगप्ले यायला १९४८ साल उजाडावे लागले. तीन मिनिटांत काय सांगून होणार, असे आपल्याला वाटते. पण १९२८ सालची 'वेस्ट एंड ब्लूज' ऐकावी. सुरुवातीला साथ थांबलेली आहे आणि एकटा ट्रम्पेट वर चढत जातो. दहाबारा सेकंदांचाच मामला. पण घरादाराची पर्वा न करता कोणीतरी मोठ्याने खरे बोलून गेल्यासारखे वाटते.

दुसरे नाव बिली हॉलिडेचे, आणि ते लिहिताना माझा हात जड होतो. न्यूयॉर्कच्या एका शाळेत एबल मीरोपोल नावाचे शिक्षक होते. जमावाने काळ्या माणसांना ठार मारून झाडाला टांगल्याचे एक छायाचित्र त्यांच्या पाहण्यात आले. ते त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी त्यावर कविता लिहिली. ती १९३७ साली शिक्षक संघटनेच्या मासिकात छापून आली. पुढे त्यांनीच तिला चाल दिली. तेच 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणे. ते बिली हॉलिडेने १९३९ साली गायिले. तिच्या नेहमीच्या कंपनीने नकार दिला, तेव्हा एका लहान कंपनीने तबकडी काढली. ती ज्या 'कॅफे सोसायटी'त गात असे तेथे या गाण्याच्या वेळी वाढपी थांबत, दिवे मालवत, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत राही. ते शेवटचे गाणे असे. ते संपले की ती निघून जाई.

आता सांगा, हे गाणे 'आवडते' असे म्हणता येईल काय? पाहुणे आले आहेत, चकलीची ताटली पुढे आहे, आणि मी ऐटीत म्हणतो, थांबा, तुम्हांला एक दुर्मिळ चीज ऐकवतो! मी असे केले आहे. गाणे संपल्यावर कोणी काही बोलले नाही, तेव्हा माझ्या संग्रहाचा दरारा बसला असे मला वाटले होते. दुसऱ्याचे दुःख आपल्या कपाटाचे भूषण होऊ शकते, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातही आले नाही. एका शाळामास्तराची झोप ज्याने उडवली, त्यावर दुसरा शाळामास्तर मिरवीत होता!

तिसरे नाव ड्यूक एलिंग्टनचे. ७ जुलै १९५६ च्या रात्री न्यूपोर्टच्या जलशात त्याच्या ताफ्यातल्या पॉल गोन्साल्विस या सॅक्सोफोनवाल्याने एकाच धुनेची सत्तावीस आवर्तने केली आणि श्रोते खुर्च्यांवर उभे राहिले. माझे एक गोवेकर शेजारी होते. त्यांच्याविषयी पुढे सांगायचेच आहे. ते छातीठोकपणे सांगत की हा गोन्साल्विस बार्देशचाच! वास्तविक त्याचे आईबाप आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरचे. पण पोर्तुगिजांचे राज्य तिथेही होते, गोव्यातही होते, आणि आडनावे समुद्र ओलांडून कुठेही जातात. सांगायची गोष्ट निराळीच. त्या जलशाची म्हणून जी तबकडी लोकांनी चाळीस वर्षे डोक्यावर घेतली, तिच्यातला बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर टाळ्या जोडून तयार केलेला होता. गोन्साल्विस खरोखर त्या रात्रीचाच होता, पण तो भलत्याच मायक्रोफोनपुढे उभा राहिल्यामुळे दुरून आल्यासारखा ऐकू येई. त्या दुसऱ्या मायक्रोफोनचे, म्हणजे 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चे, मुद्रण पुढे सापडले आणि १९९९ साली दोन्ही जुळवून खरी रात्र लोकांपुढे आली. तबकडी म्हणजे साक्षात सत्य, अशी ज्याची समजूत असेल त्याने हे ध्यानात ठेवावे.

चौथे नाव माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चे. जॅझची एकच तबकडी घेणारा माणूस बहुधा हीच घेतो. १९५९ सालच्या २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत, न्यूयॉर्कमध्ये पूर्वी चर्च असलेल्या एका स्टुडिओत ती भरली. जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल ॲडर्ली, बिल एव्हान्स असे एकाहून एक वादक. हाताशी फक्त मोजक्या खुणा. बाकी सारे जागच्या जागी सुचलेले. त्यात कोणी घाई करीत नाही, कोणी आवाज चढवीत नाही. शांतपणे बोलणाऱ्या शहाण्या माणसांच्या बैठकीत आपल्याला कोपऱ्यात बसू द्यावे, तसे वाटते.

वीस वर्षांपूर्वी मी मुंबईत धोबीतलावाजवळच्या एका जुन्या इमारतीत भाड्याने राहत होतो. ही तबकडी मी चोरबाजारात, अर्धा पगार मोजून, मिळवली. अमेरिकेत छापलेली, जुनी, वेष्टनासकट. शेजारच्या खोलीत ते गोवेकर राहत. वय पंचाहत्तरीचे. सगळे त्यांना अंकल म्हणत. त्यांची हकिकत या शहराच्या हकिकतीचाच एक तुकडा आहे. १९३० नंतरच्या वर्षांत लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात येऊन वाजवू लागले. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेली मुले त्यांचे ऐकून जॅझ शिकली. त्यांतलाच हळदोण्याचा चिक चॉकलेट 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणून गाजला, आपल्या सी. रामचंद्रांनी १९५१ सालच्या 'अलबेला'च्या संगीतात त्याची साथ घेतली. अंकल त्याच्या पुढच्या पिढीचे. हॉटेलांत वाजवले, मग सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवले. हजारो घरांत त्यांचा ट्रम्पेट पोचला असेल. नाव मात्र कुठल्याच वेष्टनावर नाही.

त्यांचे पुढचे दात गेले होते आणि दात गेलेल्या माणसाला ट्रम्पेट फुंकणे फार कठीण जाते. तरी रोज संध्याकाळी खिडकीत बसून, तोंडाशी आवाज मंद करणारी टोपी लावून, ते दोनचार लांब स्वर धरीत. स्वर हलत, तुटत. आमच्या खिडक्या एकाच चौकात उघडत. मी तबकडी लावली की ते तिच्याबरोबर वाजवू पाहत. मला ते सहन होत नसे. मी उठून खिडकी लावून घेई.

होय, मी खिडकी लावून घेई. जॅझ नीट ऐकता यावे म्हणून!

एके दिवशी जिन्यात भेटले, तेव्हा म्हणाले, "मास्तर, तुझी प्लेट वर आहे."

"वर म्हणजे?"

"सुरात वर. अर्ध्या सुराचाही अर्धा. माझ्या ट्रम्पेटाक लागत नाही. दुसरी बाजू बरोबर. पहिली वर."

मी हसलो. जगात नावाजलेली तबकडी चुकीची आणि दात पडलेला म्हातारा बरोबर! मी म्हणालो, "अंकल, ट्रम्पेट उतरला असेल तुमचा."

"आसतलो, बाबा," ते म्हणाले. जरा थांबून पुढे म्हणाले, "एक दीस घरात येऊन आयकूं मरे? भिंतीतून नीट येत नाही."

मी येत्या रविवारी या म्हणालो. तो रविवार गेला, पुढचेही गेले. दर वेळी सुई टेकली की तबकडी झिजते, हे कारण मी स्वतःला सांगत होतो. खरे कारण निराळे होते. माझ्या ठेव्यात ज्याने खोट काढली तो मला माझ्या खोलीत नको होता. पावसाळ्यात अंकल गावी गेले ते परत आले नाहीत. नाताळापूर्वी तिकडेच वारले. पुतण्या येऊन ट्रम्पेटची पेटी घेऊन गेला. मी दारातून पाहत होतो.

पुढे काही वर्षांनी एका पुस्तकात वाचले. २ मार्चच्या त्या दिवशी ज्या यंत्रावर मूळ फीत भरली गेली, ते किंचित सावकाश चालत होते. त्यामुळे योग्य वेगाने लावल्यावर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी जलद आणि चढी वाजत. चढी म्हणजे सुमारे पाव स्वराने. दुसरी बाजू एप्रिलमधली, ती बरोबर होती. तीस वर्षांहून अधिक काळ साऱ्या जगाने ती चढीच ऐकली. १९९२ सालच्या आवृत्तीत चूक दुरुस्त झाली. मी पुस्तक मिटले. भिंतीपलीकडून, लावलेल्या खिडकीतून, एका म्हाताऱ्याला जे ऐकू आले होते ते मला समोर बसून, डोळे मिटून ऐकू आले नव्हते.

तेव्हापासून मी कधीकधी विचार करतो की या तबकड्या देऊन टाकाव्यात आणि मोकळे व्हावे. आपल्याकडे अपरिग्रहाचा महिमा थोर आहे. पण हे उत्तरही मला पुरेसे वाटत नाही. कोणीतरी जमवले, जपले, धूळ पुसली, म्हणून आर्मस्ट्राँग आपल्यापर्यंत पोचला. सगळेच विरक्त असते तर त्याचाही बोल्डन झाला असता. अंकलचे ते हलते स्वर एखाद्या लोभी माणसाने टेपवर भरून ठेवले असते, तर मी त्या माणसाचे पाय धरले असते! तेव्हा दोष जमवण्यात नाही. गांधीजींनी धनवंताला सांगितले की तू मालक नव्हेस, विश्वस्त आहेस. स्वरांच्या धनालाही हाच न्याय लावावा असे मला वाटते. विश्वस्ताने ठेव जपायची ती ज्याची आहे त्याच्या हाती वेळेवर पडावी म्हणून. माझ्या त्या तबकडीवर त्या इमारतीत सर्वांत मोठा हक्क कोणाचा होता? जो तिच्याबरोबर वाजवू शकत होता त्याचा. मी भलत्याच माणसासाठी ती जपली, म्हणजे माझ्यासाठी.

कोणी म्हणेल, आता हा प्रश्नच उरला नाही. खिशातल्या फोनवर जगातले सारे जॅझ दोन क्षणांत ऐकता येते. खरे आहे. सुई झिजण्याची सबब गेली. पण गाडीत, रस्त्यात, घरातसुद्धा दोन्ही कानांत बोंडे घालून बसलेली माणसे पाहिली की मला माझी ती खिडकी आठवते. मला उठून ती लावावी लागे, एवढाच फरक.

पाचवे नाव सॉनी रॉलिन्सचे. १९५९ साली, कीर्ती ऐन भरात असताना, आपल्याला अजून पुष्कळ शिकायचे आहे म्हणून या सॅक्सोफोनवाल्याने जलसे बंद केले. न्यूयॉर्कमधल्या त्याच्या बिऱ्हाडाशेजारी एक गरोदर बाई राहत होती. आपल्या मेहनतीचा तिला त्रास नको, म्हणून तो जवळच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवू लागला. थंडीवाऱ्यात, खाली नदी, बाजूला आगगाड्यांचा खडखडाट. दोन वर्षे! त्यानंतर १९६२ साली निघाली ती तबकडी म्हणजे 'द ब्रिज'. साठच्या दशकाच्या अखेरीस तो आपल्या पवईला एका आश्रमात काही महिने येऊन राहिला होता. शेजाऱ्यासाठी जो आपले संगीत घेऊन पुलावर गेला त्याची तबकडी माझ्या कपाटात, शेजाऱ्याला खिडकी लावणाऱ्याच्या त्या तबकडीला टेकून उभी आहे. त्यांना वेगळे करण्याचा मला धीर होत नाही.

सहावे नाव जॉन कोल्ट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम'चे. ९ डिसेंबर १९६४ रोजी, एका दिवसात भरलेली ही चार भागांची प्रार्थना आहे. शेवटच्या भागात त्याने स्वतः लिहिलेली एक स्तुती शब्दाशब्दाने सॅक्सोफोनवर म्हटली आहे. ओठ बोलत नाहीत, वाद्य बोलते. त्यानंतर तीन वर्षांच्या आतच, चाळिसाव्या वर्षी, तो गेला. दुसऱ्याच्या प्रार्थनेचा संग्रह कसा करणार? ती चालू असताना फार तर गप्प बसता येते.

विद्यार्थ्याला मी ही सहाच नावे पाठवली. सातवी ओळ बडी बोल्डनसाठी कोरी सोडली आहे. उरलेल्या तिघांविषयी लिहिले की ते तुझ्या आसपासच असतील, त्यांच्या तबकड्या निघालेल्या नसतील, तू विचारपूस कर. आणि पार्सलाने 'काइंड ऑफ ब्लू'ची माझी ती जुनी प्रत पाठवून दिली. सोबत चिठ्ठी आहे: पहिली बाजू पाव स्वर वर आहे, सांभाळून ऐक, आणि कोणी मागितली तर दे.

पोटात गोळा उठला नाही असे नाही.

हे लिहीत असताना संध्याकाळ झाली आहे. बायको पणत्यांत तेल घालते आहे. वरच्या मजल्यावरचा पोरगा गेले दोन महिने बासरी शिकतो आहे. रोज एकच गत, आणि रोज त्याच जागी त्याचा श्वास कमी पडतो. लिहिताना त्रास होतो हे कबूल केले पाहिजे. पण खिडकी उघडी आहे. आता तो त्या जागेपाशी येतो आहे.